बेसवाल्याच्या हाती अख्खी रेकॉर्ड: मार्कस मिलर आणि ‘टुटू’, १९८६

फेब्रुवारी १९८६. मार्कस मिलर न्यूयॉर्कहून हॉलिवूडच्या कॅपिटॉल स्टुडिओत पोचले, तेव्हा त्यांच्याजवळ तीन नव्या चालींचे डेमो होते. वय २६. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस तीसेक वर्षांचं कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचं घर सोडून नुकतेच वॉर्नर कंपनीकडे आले होते आणि त्यांच्या नव्या रेकॉर्डला दिशा सापडत नव्हती. मिलर यांचा अंदाज असा, की चाली पसंत पडल्या तर बँड बोलावला जाईल आणि आपण बेस वाजवू. निर्माते टॉमी लिपुमा यांनी डेमो ऐकले आणि बँडचा विषयच काढून टाकला. डेमोत जे ऐकू येतंय तेच हवं होतं, आणि ते सगळं मिलर यांनीच वाजवायचं होतं.

ड्रम मशीनचं प्रोग्रॅमिंग, सिंथेसायझर, गिटार, बेस, बेस क्लॅरिनेट, सोप्रानो सॅक्सोफोन, जवळजवळ सगळं एका माणसाचं, आणि त्यावर माइल्स यांचा ट्रम्पेट. ‘टुटू’ ही आठ चालींची रेकॉर्ड त्याच वर्षी आली. आठांपैकी पाच चाली एकट्या मिलर यांच्या आणि एक माइल्स यांच्या जोडीनं केलेली. ती बाहेर येईपर्यंत मिलर यांची ओळख ‘न्यूयॉर्कचा उत्तम सेशन बेसवादक’, म्हणजे इतरांच्या रेकॉर्डिंगला बोलावणीवर वाजवणारा, अशी होती. अशा माणसाला ऐनवेळी अख्खी रेकॉर्ड पेलता का आली, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. उत्तर नुसत्या प्रतिभेत शोधलं तर हाती काही लागत नाही. ते आधीच्या दहा-बारा वर्षांच्या कामात आहे.

क्लॅरिनेटचं शिक्षण

जन्म १४ जून १९५९, ब्रुकलिन. वाढले क्वीन्सच्या जमैका भागात. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि गायकवृंद सांभाळत. पियानोवादक विन्टन केली हे वडिलांचे चुलतभाऊ. माइल्स यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या ‘फ्रेडी फ्रीलोडर’वर पियानो केली यांचा आहे, आणि ती रेकॉर्ड मिलर यांच्याच जन्मवर्षातली.

बेसवादक म्हणून गाजलेल्या या माणसाचं रीतसर शिक्षण मात्र क्लॅरिनेटवर झालं, आधी न्यूयॉर्कच्या संगीत-कला हायस्कूलमध्ये आणि मग क्वीन्स कॉलेजात. बेस तेराव्या वर्षाच्या सुमारास आला, तो गल्लीतल्या फंकमधून. हा तपशील चरित्राच्या पहिल्या पानावर ठेवून पुढे जाण्यासारखा नाही, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे. क्लॅरिनेट हे बी फ्लॅटचं वाद्य. कागदावर सी लिहिला की ऐकू येतो बी फ्लॅट. ते शिकलेल्या मुलाला दुसऱ्या वाद्यासाठी सूर बदलून लिहिणं वेगळं शिकावं लागत नाही. शिवाय क्लॅरिनेटवाला श्वासानं वाक्य संपवतो. बेसवादकाचा श्वास कधी संपत नाही, म्हणून पुष्कळ बेसवादकांची वाक्यंही संपत नाहीत. मिलर यांच्या बेसमध्ये जे थांबे ऐकू येतात, ते फुंकीच्या वाद्यावर बसलेल्या सवयीचे आहेत असं आम्हाला ठामपणे वाटतं.

बेस क्लॅरिनेटही याच वाटेनं आलं. बोटं साध्या क्लॅरिनेटचीच, सूर एक सप्तक खाली. ज्याला खर्जात काम करायची सवय आहे त्याला हे वाद्य दुसऱ्या हातासारखं.

हातातलं वाद्य

मिलर यांचा बेस म्हणजे १९७७ चा फेंडर जॅझ बेस, लाकडी रंगाचा, चार तारांचा. तारेची लांबी ३४ इंच, फ्रेट म्हणजे पडदे २०. सत्तरच्या दशकातल्या या मॉडेलात मागचा पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत उचलणारा भाग, साठच्या दशकापेक्षा घोडीच्या थोडा जवळ बसवलेला असे. तिथे तार ताठ असते, म्हणून आवाजात दात जास्त आणि गोलाई कमी. हे त्या वर्षांच्या बनावटीतच होतं, आणि स्लॅपला, म्हणजे अंगठ्यानं तार ठोकून वाजवण्याला, ते मानवलं.

पुढचे बदल न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोस्की यांनी केले. मूळची वाकवलेल्या पत्र्याची घोडी काढून जड ‘बॅडअॅस’ घोडी बसवली आणि आत ‘स्टार्स गिटार्स’चा प्रीअँप, म्हणजे बॅटरीवरचा छोटा ध्वनिवर्धक, घातला. या प्रीअँपमुळे खालचे आणि वरचे सूर वाद्यातच वाढवता येतात, स्टुडिओच्या टेबलावर अवलंबून राहावं लागत नाही. आज ज्याला ‘मार्कस मिलर टोन’ म्हणतात तो इथून सुरू होतो. खाली भरीव, वर चकचकीत आणि मध्ये थोडा खोलगट.

तो खोलगटपणा येतो कुठून? जॅझ बेसवर प्रत्येक पिकअपला वेगळा व्हॉल्यूम असतो. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की एकच कंपन दोन जागांवरून उचललं जातं आणि मधल्या पट्टीतला काही भाग परस्परांना मारतो. त्याचबरोबर एकाच कॉइलच्या पिकअपची घरघरही मरते, कारण दोन कॉइल उलट गुंडाळलेल्या असतात. एक व्हॉल्यूम थोडा जरी खाली आणला तरी मधला आवाज पुढे येतो आणि घरघरही परतते. रेकॉर्डिंगच्या आधी ‘घरघर कुठून येतेय’ म्हणून केबल बदलत बसणाऱ्यांनी आधी हे दोन नॉब पाहावेत.

अशा प्रीअँपवाल्या बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी लागते, आणि तिचा घोळ ठरलेला आहे. केबल खोचली की प्रीअँप चालू होतो. रात्री केबल तशीच ठेवली तर बॅटरी रात्रभर जळते. संपत आली की आवाज एकदम जात नाही, आधी जोरदार सूर फाटायला लागतात आणि दोष अँपला दिला जातो. सेशनला जाताना खिशात नवी बॅटरी असणं हा या कामातला पहिला शिष्टाचार.

तारा गोल गुंडाळीच्या, ०.०४५ ते ०.१०५ इंचांच्या. स्लॅपचा चकाकता भाग नव्या तारांतच असतो. घाम आणि मळ गुंडाळीच्या फटींत बसला की वरचे स्वरांश मरतात, आणि मग ट्रेबल कितीही वाढवला तरी बोटांची खरखर तेवढी वाढते.

स्लॅपची कल्पना लॅरी ग्रॅहम यांची. आईच्या बँडमधून ड्रमर गेला, तेव्हा त्यांनी अंगठ्यानं बास ड्रमचं आणि तार ओढून सोडून स्नेअरचं काम भागवलं. मिलर यांनी त्यातला तालवाद्याचा भाग ठेवला आणि वर स्वर आणला. अंगठा फिंगरबोर्डच्या टोकापाशी आदळून लगेच परत यायला हवा. तो तारेवर दाबून राहिला की सूर जन्मताच गुदमरतो. हालचाल मनगटाच्या फिरकीची, कोपराची नाही. कोपरानं वाजवणाऱ्याचा हात दुसऱ्या गाण्यात दुखू लागतो आणि लय मागे पडते. ओढीसाठी तर्जनी तारेखाली फक्त टोकापुरती जाते. मिलर यांनी पुढच्या पिकअपवरचं धातूचं झाकण ठेवलं आहे, ते इथे कामाला येतं. बोट खोल शिरूच शकत नाही. खोल शिरलं तर तार जास्त ओढली जाते, सूर क्षणभर चढा लागतो आणि बाकीच्या आवाजापेक्षा दुप्पट जोरात फुटतो.

ऐकणाऱ्याला दिसत नाही ते काम डावा हात करतो. ज्या तारा वाजत नाहीत त्यांच्यावर डाव्या हाताची मोकळी बोटं टेकलेली असतात. बोटांनी नुसत्या झाकलेल्या तारेवर अंगठा मारला की सूर नसलेला ‘टक’ येतो, आणि मिलर यांच्या ओळींत असे मुके ठोके सुरांइतकेच मोजून बसवलेले असतात. तारांची उंची बाराव्या फ्रेटवर साधारण २ ते २.५ मिलिमीटर ठेवली तर दोन्ही हातांना सोयीचं पडतं. त्याहून खाली फ्रेटची खडखड सुराला खाते, आणि फार वर गेलं तर अंगठ्याचा ठोका बोथट होतो.

तीन तासांची बाजारपेठ

सत्तरीच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओचं काम भरपूर होतं. वादक संघटनेच्या नियमानुसार रेकॉर्डिंगचं एक सेशन तीन तासांचं. एका दिवसात सकाळी जाहिरातीची जिंगल, दुपारी कुणा गायकाची रेकॉर्ड, रात्री जॅझ. कागद समोर येतो तेव्हा त्यावर कधी पूर्ण लिहिलेली ओळ असते, कधी नुसती कॉर्डची नावं, आणि कधी ‘इथे काहीतरी फंकी’ एवढंच. तीन तासांत दोनतीन गाणी निघायला हवीत. दुसऱ्या टेकमध्ये जो ओळ पक्की करतो त्यालाच पुढचा फोन येतो.

मिलर यांनी बासरीवादक बॉबी हम्फ्री आणि जमैकाचेच ड्रमर लेनी व्हाइट यांच्याबरोबर सुरुवात केली, टीव्हीवरच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या बँडमध्ये वाजवलं, मग स्टुडिओत शिरले. १९८० मध्ये ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांच्या ‘वाइनलाइट’वर त्यांचा बेस आहे. ‘जस्ट द टू ऑफ अस’ त्यातलंच. बिल विदर्स यांचा आवाज, स्टीव्ह गॅड यांचे ड्रम, आणि बेस इतका जागेवर की गाणं ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना तो वेगळा जाणवत नाही. १९८१ मध्ये ल्यूथर व्हँड्रॉस यांचं ‘नेव्हर टू मच’ आलं. तिथे उलट. बेस सतत हलता आहे, तोच गाण्याला ढकलतो. दोन्ही वादन एकाच माणसाचं आणि एका वर्षाच्या आतबाहेरचं. अष्टपैलूपणाचा याहून साधा नमुना नाही. मिलर यांनी शैली बदलली म्हणण्यापेक्षा गाण्यात बेसकडे कोणतं काम आहे ते आधी ओळखलं.

व्हँड्रॉस यांच्याशी रॉबर्टा फ्लॅक यांच्या बँडमध्ये ओळख झाली होती. तिथून मिलर गाणी रचायला लागले. १९८२ मध्ये दोघांनी मिळून केलेलं ‘जम्प टू इट’ अरेथा फ्रँकलिन यांनी गायलं आणि ते आर अँड बी यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. अरेथा यांच्या वाट्याला हे १९७७ नंतर प्रथमच आलं. कडवं कुठे संपवायचं, धृपद किती वेळा आणायचं, शेवटची आवर्तनं किती लांबवायची, हे शहाणपण जॅझच्या मैफलीत मिळत नाही. ते गायकाशेजारी बसून गाणं बांधताना मिळतं. ‘टुटू’तल्या चाली वाद्यांच्या असूनही गाण्यासारख्या लक्षात राहतात, त्याचं मूळ आम्ही इथे मानतो.

दोन सूर

माइल्स १९७५ नंतर पाचेक वर्षं गप्प होते. १९८१ च्या ‘द मॅन विथ द हॉर्न’साठी त्यांना माणसं हवी होती, आणि सॅक्सोफोनवादक बिल एव्हान्स यांनी मिलर यांचं नाव सुचवलं. पहिल्या सेशनचा प्रसंग मिलर यांनी मुलाखतींत सांगितला आहे. माइल्स यांनी शेजारशेजारचे दोन सूर दाखवले आणि हेच वाजव म्हणाले. मिलर यांनी तेवढेच वाजवले तर माइल्स म्हणाले, एवढंच? मग त्यांनी येईल ते सगळं वाजवलं, तर हे काय चाललंय म्हणून पुन्हा त्या दोन सुरांवर आणलं.

बाहेरून हा विक्षिप्तपणा वाटतो. पण दोन्ही टेक शेजारी ठेवून विचार करा. पहिल्या वेळी वादक दोन सूर वाजवतो कारण त्याला तेवढेच सांगितले आहेत. तिसऱ्या वेळी बाकी सगळं वाजवून झालेलं असतं, आणि आता तो दोन सूर निवडून वाजवतो. त्यांचा काळ, जोर, लांबी सगळं बदललेलं असतं. ‘वी वॉन्ट माइल्स’ या १९८१ च्या मैफलींच्या रेकॉर्डवर ‘ज्याँ पिएर’ ऐकताना हेच कानाशी लागतं. बालगीतासारखी छोटी चाल, अल फॉस्टर यांचे ड्रम, आणि बेस जागा सोडत सोडत चाललेला.

‘स्टार पीपल’नंतर मिलर बँडमधून बाहेर पडले. रचना आणि निर्मितीला वेळ हवा होता. माइल्स यांचा बँड सोडणं ही त्या वयात मोठी जोखीम होती, आणि ती त्यांनी डोळसपणे घेतली.

स्टुडिओत नेमकं काय झालं

‘टुटू’आधी माइल्स यांनी रँडी हॉल यांच्याबरोबर काही चाली ध्वनिमुद्रित करून बाजूला ठेवल्या होत्या. त्या ‘रबरबँड’ नावानं थेट २०१९ मध्ये बाहेर आल्या. प्रिन्सचं एक गाणंही येणार होतं, ते अखेर वगळलं गेलं. मिलर यांनी लिपुमा यांना फोन केला, तेव्हा लिपुमा यांनी कीबोर्डवादक जॉर्ज ड्यूक यांचा ‘बॅकयार्ड रिच्युअल’चा डेमो ऐकवला. यंत्रांवर उभी केलेली चाल होती. यंत्र चालणार आहे हे कळल्यावर मिलर यांनी ‘टुटू’, ‘पोर्शिया’ आणि ‘स्प्लॅच’ रचले.

कामाचा क्रम असा होता. आधी ड्रम मशीन आणि सिंथेसायझर, मग बेस आणि बाकी वाद्यं, सर्वांत शेवटी ट्रम्पेट. सिंथेसायझरच्या प्रोग्रॅमिंगला जेसन माइल्स होते. काही चालींत बाहेरची माणसं आली. तालवाद्यांना पॉलिनो दा कोस्टा, ‘टोमास’वर ड्रमला ओमर हकीम, ‘डोन्ट लूज युअर माइंड’वर व्हायोलिनला मिखाल उर्बानियाक. पण हाडं मिलर यांचीच.

पहिली अडचण लयीची. यंत्राचा ठोका हलत नाही. ‘टुटू’चा ठेका शफलकडे, म्हणजे लांब-आखूड जोड्यांच्या झुलत्या लयीकडे, झुकलेला आहे; मात्रेचे चार बारीक भाग सारखे नाहीत. एक हिशोब मांडून पाहू. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली तर एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, तिचा अर्धा भाग ३३३. तो सरळ तोडला तर १६७ आणि १६७. पूर्ण त्रिपदीत, म्हणजे दोनास एक असा, तोडला तर २२२ आणि १११. माणूस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी वाजवतो, आणि ती जागा प्रत्येक ओळीत थोडी सरकते. १९८० च्या लिन एलएम-१ पासून ड्रम मशीनमध्ये झुलवण्याची सोय आली खरी, पण तिथे एकदा ठरवलेली जागा गाणं संपेपर्यंत तीच. म्हणून अशा ध्वनिमुद्रणात माणसाचं झुलणं फक्त बेसकडे उरतं. बेस बरोबर यंत्रावर बसला तर सगळंच यंत्र होतं. फार मागे राहिला तर चुकल्यासारखा वाटतो. घरी करून पाहायचं असेल तर ड्रमचा लूप लावून एकच साधी ओळ तीनदा रेकॉर्ड करा: ठोक्यावर, किंचित मागे, आणि फक्त शेवटचा सूर मागे. तिसरी बहुतेकांना सर्वांत कठीण जाते, आणि कानाला तीच गोड लागते.

दुसरी अडचण जागेची. माइल्स ट्रम्पेटच्या भोंग्यात बसणारा हार्मन म्यूट लावून, त्याची मधली नळी काढून वाजवत. या म्यूटमुळे ट्रम्पेटचे खालचे स्वरांश गळून पडतात आणि उरतो तो बारीक, तापलेला, मायक्रोफोनच्या अगदी जवळचा आवाज. त्याला दाट साथ दिली की तो बुडतो. त्याच्या खाली मात्र मोठी पोकळी असते. ती पोकळी मिलर यांना भरता आली, कारण तिथे बसणारी वाद्यं त्यांच्या हाताशी होती. तळाला बेस, त्याच्या वर बेस क्लॅरिनेटची लाकडी धून, ‘पोर्शिया’त ट्रम्पेटच्या शेजारून जाणारा सोप्रानो. कीबोर्डचे कॉर्ड तुटक, वाक्याच्या शेवटी. ट्रम्पेट बोलत असताना बेस फारसा बोलत नाही. ट्रम्पेट थांबला की एक छोटी जागा घेतो आणि समेवर परत येतो. बेसवादकानंच सगळं रचलं असूनही या रेकॉर्डवर बेसचं प्रदर्शन नाही, याचं आम्हाला मोठं मोल वाटतं.

तिसरी अडचण माणसांची. सव्वीस वर्षांच्या तरुणानं माइल्स डेव्हिस यांना कुठे वाजवा आणि कुठे थांबा हे सांगायचं कसं? मिलर सुरुवातीला बिचकले. मिलर यांनीच सांगितल्याप्रमाणे, माइल्स यांनीच त्यांना बजावलं की चाल तुझी आहे, मला सांग. तिथून मिलर निर्माते झाले.

जे साधलं नाही

सगळी वाद्यं एकच माणूस एकामागून एक वाजवतो तेव्हा वादकांमधला संवाद नाहीसा होतो. बेसनं काही वेगळं केलं तर ड्रम उत्तर देत नाही, कारण तो आधीच ठरलेला आहे. जॅझचे काही समीक्षक या रेकॉर्डवर याच मुद्द्यावर नाराज होते, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. माइल्स यांना त्यावर्षीचं एकल जॅझ वादनाचं ग्रॅमी मिळालं, पण त्यानं हा प्रश्न सुटत नाही. ‘परफेक्ट वे’सारख्या चालीत ड्रमचे आवाज आज त्या दशकाचा शिक्का घेऊन येतात. ‘टुटू’ आणि ‘पोर्शिया’ मात्र टिकल्या, कारण त्यांची चाल यंत्राच्या आवाजावर अवलंबून नाही.

मिलर यांनी दुरुस्ती पुढच्या कामात केली. १९८९ च्या ‘अमांडला’वर केनी गॅरेट यांचा ऑल्टो सॅक्सोफोन आहे, जिवंत ड्रमर आहेत, वॉशिंग्टनच्या गो-गो या फंक प्रकाराचा ठेका आहे. गो-गोशी त्यांचा हात आधीच बसला होता, १९८८ मध्ये ई. यू. या वॉशिंग्टनच्याच बँडनं वाजवलेलं ‘डा बट’ त्यांचंच. ‘अमांडला’ची शेवटची चाल ‘मिस्टर पास्टोरियस’. १९८७ मध्ये गेलेल्या जॅको पास्टोरियस या बेसवादकाला वाहिलेली, ड्रमला पुन्हा अल फॉस्टर, आणि खाली चालता बेस.

माइल्स १९९१ मध्ये गेले. ‘टुटू’च्या चालींकडे पूर्ण कार्यक्रम म्हणून परतायला मिलर यांनी बराच काळ घेतला. २००९ मध्ये पॅरिसच्या सिते द ला म्युझिकमध्ये माइल्स यांच्यावर प्रदर्शन भरलं, तेव्हा ते परतले. बरोबर तरुण मंडळी घेतली: ट्रम्पेटला क्रिश्चन स्कॉट, सॅक्सोफोनला अॅलेक्स हान, कीबोर्डला फेडेरिको गोन्झालेस पेन्या, ड्रमला रोनाल्ड ब्रुनर ज्युनियर. १९८६ मध्ये ड्रम मशीनला सांगितलेला ठेका आता ब्रुनर यांच्या हातात होता, आणि मिलर यांनी बेसवर एखादा ठोका मागे टाकला की समोरून उत्तर येत होतं.